लेओव्हरमधलं ॲमस्टरडॅम आणि आईचं आयर्विन

आमच्या सांगली-मिरजेकडच्या बऱ्याच घरातलं कोणी ना कोणी आता बाहेर आहे, कॅनडा म्हणा, अमेरिका म्हणा, त्यामुळे लेकाकडे-लेकीकडे जाणाऱ्या आईवडिलांची वर्दळ पण वाढलीये आणि तिकीट काढताना सगळ्यांचं म्हणणं एकच, लेओव्हर, म्हणजे दोन विमानांच्या मधला थांबा, कमीत कमी बघा. मी मुद्दाम उलटं केलं. आईला घेऊन टोरांटोला ताईकडे जायचं होतं, ॲमस्टरडॅमवरून जाणारी दोन-तीन तिकिटं दिसत होती, त्यातलं सगळ्यात मोठ्या लेओव्हरचं घेतलं, सकाळी सातच्या सुमाराला उतरायचं आणि दुपारी चारनंतर पुढचं विमान. भाऊ म्हणाला आईला कशाला दमवतेस, त्यावर आईच म्हणाली, आठ-नऊ तास खुर्चीत बसून पाय सुजवण्यापेक्षा चार पावलं चालीन की मी.

आधी व्हिसाचं सांगते कारण सगळे तेच विचारतात. भारतीय पासपोर्ट असेल तर एअरपोर्टच्या बाहेर पाऊल टाकायला शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, लागतोच, हातातला पुढच्या विमानाचा बोर्डिंग पास दाखवून कोणी बाहेर सोडत नाही. मोठ्या माणसाची फी आता ९० युरो आहे, वर सेंटरचा सर्व्हिस चार्ज वेगळा, किमान ३० हजार युरोचं कव्हर असलेला ट्रॅव्हल इन्शुरन्स लागतो, आणि प्रवासाच्या सहा महिने आधीपासून ते निदान पंधरा दिवस आधीपर्यंत अर्ज करता येतो. पंधरा दिवसांवर अवलंबून राहू नका, गर्दीच्या दिवसांत अपॉइंटमेंटच लवकर मिळत नाही. काही तासांसाठी एवढे पैसे घालायचे का हा प्रश्न बरोबर आहे आणि त्याचं उत्तर प्रत्येकाचं वेगळं असणार. आमचं उत्तर हो असं होतं, कारण मला आईला तिथलं पाणी दाखवायचं होतं.

हे पाण्याचं जरा नीट सांगायला पाहिजे. आमचं घर गावभागात, म्हणजे सांगलीच्या जुन्या वस्तीत. पावसाळा लागला की आमच्याकडे फोनवर नमस्कार-चमत्कार नंतर, आधी प्रश्न असतो "आयर्विनला किती?". आयर्विन म्हणजे कृष्णेवरचा आमचा १९२९ सालचा पूल, त्याच्याजवळ पाण्याची पातळी फुटात मोजतात, ४० फूट इशारा आणि ४५ फूट धोका, हे आकडे सांगलीतल्या शाळकरी पोराला पण पाठ आहेत. २००५ ला ५३ च्या पुढे गेलं तेव्हा वाटलं यापेक्षा जास्त काय होणार, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ च्या पुढे गेलं. टिळक चौक, मारुती चौक, हरभट रोड, सगळीकडे बोटी. आई तेव्हा घरात वरच्या मजल्यावर होती, शेजारच्या काकूंना आणि त्यांच्या नातवाला घेऊन, आणि एनडीआरएफच्या बोटीत उतरताना तिने कागदपत्रांची पिशवी आणि देव्हाऱ्यातला गणपती एवढंच घेतलं होतं. आमच्या जिन्याच्या भिंतीवर अजून दोन रेघा आहेत, खालची २००५ ची आणि वरची २०१९ ची, घराला रंग दिला तेव्हा आईने पेंटरला तेवढ्या जागेला हात लावू दिला नाही.

तर अशा बाईला ॲमस्टरडॅममध्ये फक्त ट्युलिप आणि चीज दाखवून काय करायचं.

विमान खाली यायला लागलं तेव्हा आई खिडकीशी होती. खाली पट्टीने आखल्यासारखी शेतं, प्रत्येक शेताच्या कडेने पाण्याने भरलेला सरळ चर, मधे एखादा रस्ता आणि त्याच्याही बाजूला पाणी. मी तिला म्हटलं, आई आपण आता तळ्याच्या तळाशी उतरतोय, आणि हे खरंच आहे. स्किपोल एअरपोर्ट आहे तिथे पूर्वी हारलेमरमेर नावाचं भलंमोठं तळं होतं, वादळ आलं की त्याच्या लाटा काठ खात सुटायच्या, दरवर्षी थोडी थोडी जमीन पोटात घ्यायचं. १८३६ मध्ये नोव्हेंबरच्या वादळात पाणी ॲमस्टरडॅमच्या वेशीपर्यंत आलं आणि डिसेंबरमध्ये दुसऱ्या बाजूला लायडन शहरापर्यंत, तेव्हा सरकारने ठरवलं की आता हे तळंच उपसायचं. आधी भोवती बांध आणि कालवा केला, मग तीन ठिकाणी वाफेची इंजिनं बसवली आणि १८४९ ते १८५२ अशी तीन-सव्वातीन वर्षं रात्रंदिवस पाणी उपसलं. जवळपास ८० कोटी घनमीटर. आपल्याकडच्या हिशोबाने साधारण २८ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट) होतात, कोयना धरण १०५ टीएमसीचं, म्हणजे कोयनेच्या पाव भागाहून थोडं जास्तच पाणी त्या काळात पंपाने उपसून समुद्राच्या वाटेला लावलं. आईला मिलियन-बिलियन सांगून उपयोग नव्हता, टीएमसी म्हटल्यावर तिने लगेच मान वर करून माझ्याकडे बघितलं. आमच्याकडे ऑगस्टमध्ये भाजीवाली पण कोयनेतून किती क्युसेक सोडलं ते सांगते.

आणि एक गोष्ट तिथे बसल्याबसल्या मनात आली ती अजून जात नाही. सांगली समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंच आहे, आणि स्किपोलचा रनवे समुद्रसपाटीच्या तीनेक मीटर खाली. बुडतो आम्ही आणि कोरडे ते.

उतरल्यावरचं पटकन सांगते. मोठ्या बॅगा थेट टोरांटोला गेल्या होत्या, केबिन बॅग एअरपोर्टच्याच लॉकरमध्ये टाकली, पासपोर्ट कंट्रोलच्या रांगेला वेळ लागला पण तो धरूनच चालायचं, सकाळी लांबून आलेली बरीच विमानं एकदम उतरतात. रेल्वे स्टेशन एअरपोर्टच्या पोटातच आहे, बाहेर जायचं नाही, टॅक्सी शोधायची नाही, सरकत्या जिन्याने खाली उतरलं की प्लॅटफॉर्म. ॲमस्टरडॅम सेंट्रालला पाऊण नाही न् अर्धा नाही, पंधरा-सतरा मिनिटांत पोचवतात, भाडं माणशी पाचेक युरो. आपलं कॉन्टॅक्टलेस बँक कार्ड गेटला टेकवून आत आणि उतरल्यावर परत टेकवून बाहेर असं चालतं, फक्त एका माणसाला एक कार्ड, दोघात एक चालत नाही, म्हणून आईचं तिकीट मशीनवरून काढलं.

स्टेशनमधून बाहेर पडलो आणि गार वारा असा आला की आईने साडीचा पदर स्वेटरवरून घट्ट गुंडाळून घेतला. मे महिना, आम्ही सांगलीच्या ४० डिग्रीतून आलेलो. इथेच सांगून ठेवते, वयस्कर माणूस सोबत असेल तर कानटोपी, मोजे आणि चालायचे बूट हातातल्या पिशवीत ठेवा, चेक-इन बॅगेत टाकलेल्या वस्तूंचा लेओव्हरला काही उपयोग नाही.

पहिलं काम केलं ते म्हणजे स्टेशनच्या मागच्या बाजूला जाऊन फेरीत बसलो. आय नावाचं रुंद पाणी आहे तिथे, त्याच्या पलीकडे शहराचा उत्तर भाग, आणि पलीकडे नेणाऱ्या फेऱ्या फुकट आहेत, तिकीटच नाही, माणसं सायकली घेऊन थेट चढतात, पाच मिनिटांत पलीकडे, रात्री पण चालू असतात. आई रेलिंग धरून उभी राहिली, बाजूला एक बाई सायकलच्या पुढच्या लाकडी पेटीत दोन मुलं बसवून उभी, ऑफिसला जाणारी माणसं, एक आजोबा कुत्रं घेऊन. आई लहानपणी हरिपूरला संगमावर नावेतून पलीकडे जायची, तेव्हा नावाड्याला पैसे द्यायला लागायचे, ते तिला आठवलं आणि ती दोनदा म्हणाली, फुकट? रोज? सगळ्यांना? पलीकडे उतरलो नाही तोच परत त्याच फेरीत चढलो. एवढ्या भारी शहराला असं पाण्यावरून बघायला मिळणं आणि त्याला एक पैसा न लागणं, मला वाटतं लेओव्हरला आलेल्या माणसाने सगळ्यात आधी हेच करावं, कॅनाल क्रूझ नंतर, वेळ उरला तर.

ते सेंट्राल स्टेशन स्वतः पाण्यावर आहे. १८८९ चं, पिएर कोयपर्स नावाच्या आर्किटेक्टचं काम, त्यानेच तिथलं प्रसिद्ध राइक्सम्युझियम पण बांधलंय. पाण्यात भराव टाकून बेटं केली आणि त्यात ८,६८७ लाकडी खांब ठोकून त्यावर हे स्टेशन उभं केलं. आईचा प्रश्न तोच जो कोणाचाही असेल, मग लाकूड कुजत नाही? नाही कुजत, कारण ते कायम पाण्याखाली आहे. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला हवा लागते, पाण्याखाली हवाच पोचत नाही, पण पाणी उतरून खांबाचं डोकं उघडं पडलं की मात्र कुजायला सुरुवात. म्हणजे त्या शहराला पाणी वाढलं तरी भीती आणि उतरलं तरी भीती. म्हणून कॅनालमधली पातळी ठरलेली आहे, त्यांच्या शून्यापेक्षा (ते शून्य काय ते पुढे सांगते) ४० सेंटिमीटर खाली, आणि ती तिथे ठेवायला दारं, पंप आणि माणसं सतत कामाला असतात. जुन्या घरांचे दर्शनी भाग एकमेकांवर रेलल्यासारखे दिसतात त्यातली बरीच घरं या खांबांच्या खचण्यामुळे कलली आहेत. काही मात्र मुद्दामच पुढे झुकवलेली, कारण जिने इतके अरुंद की कपाट-पलंग बाहेरून दोरीने वर ओढायला लागतो, प्रत्येक घराच्या माथ्यावर त्यासाठी हुक लावलेला तुळईचा तुकडा बाहेर आलेला असतो, एकदा दिसला की मग प्रत्येक घराला तोच दिसतो.

मग मेट्रोने दोन स्टेशनं, वाटरलोप्लाइन. इथे स्टोपेरा नावाची बिल्डिंग आहे, एका बाजूला महानगरपालिका आणि दुसऱ्या बाजूला ऑपेराचं थिएटर, दोन्ही एकाच इमारतीत, आणि मधून लोकांना जायला-यायला पॅसेज. लेओव्हरच्या लिस्टमध्ये ही जागा सहसा कोणी सांगत नाही. मला माहीत झाली ती २०२१ च्या पुरानंतर, पुरावरचं काहीबाही वाचत बसले होते तेव्हा, आणि तेव्हापासून डोक्यात होतं की आईला इथे आणायचं.

त्या पॅसेजमध्ये काचेचे तीन उंच खांब आहेत आणि त्यात पाणी. दोन खांबांतलं पाणी समुद्राची आत्ताची पातळी दाखवतं, एक आयमाउडन नावाच्या बंदरावरची आणि दुसरं व्लिसिंगनची, भरती-ओहोटीप्रमाणे ते वरखाली होतं. तिसऱ्या खांबातलं पाणी हलत नाही. ते १९५३ चं. ३१ जानेवारीच्या रात्री समुद्राला उधाण आणि वरून वादळ, बांध फुटले, दक्षिणेकडचा झीलंड भाग पाण्याखाली गेला, नेदरलँड्समध्ये १,८३६ माणसं गेली. तेव्हा पाणी शून्यापासून ४.५५ मीटरवर चढलं होतं आणि तेवढं पाणी त्या तिसऱ्या खांबात भरून ठेवलंय. खाली पायऱ्या उतरून गेलं की एक पितळी गुंडी आहे, तिचा माथा म्हणजे बरोबर शून्य. या शून्याला एनएपी म्हणतात, नॉर्माल ॲमस्टरडॅम्स पेल, सगळ्या देशाच्या उंच्या यावरून मोजतात आणि युरोपातल्या अनेक देशांच्या उंच्या पण याच पातळीला जोडलेल्या आहेत.

आई खाली उतरली, कठड्याला धरत हळूहळू. गुंडीवर तळहात ठेवला. मग मान वर करून १९५३ च्या पाण्याकडे बघत राहिली, बराच वेळ. तिच्या डोक्याच्या खूप वर होतं ते. नंतर म्हणाली, "हे म्हणजे यांचं आयर्विनच की गं." आणि लगेच पुढे, "पण आपलं नदीवर जाऊन बघायला लागतं. यांनी ते ऑफिसात आणून ठेवलंय."

त्या वेळी तिथे पॅसेजमधून लोक जात-येत होते, कोणी घाईत, एक जोडपं नटूनथटून फुलं घेऊन, बहुतेक लग्नाच्या रजिस्ट्रेशनला आलेलं, आणि एक बाई मुलांची रांग घेऊन आलेली, शाळेतली असावीत, सात-आठ वर्षांची. त्यातला एक मुलगा तिसऱ्या खांबाला पाठ लावून उभा राहिला आणि दुसऱ्याने हाताने दाखवलं, तू इथे, पाणी तिथे. भाषा कळत नव्हती तरी हे कळत होतं.

ही शून्याची भानगड कधीची, तर १७ व्या शतकाच्या शेवटाची. योहानेस हुडे नावाचे महापौर होते, मुळात गणिती माणूस. शहराला पुराचे फटके बसले होते, बांध किती उंच पाहिजे हे अंदाजाने ठरवून चालत नाही हे कळून चुकलं होतं, म्हणून शहराच्या पाण्याच्या दारांमध्ये आठ संगमरवरी दगड बसवले, त्यात आडवी खाच, आणि वर कोरून ठेवलं की समुद्राच्या बांधाची उंची ही, शहराच्या पातळीपेक्षा नऊ फूट पाच इंच वर. म्हणजे वाद नाही, माझ्या मते आणि तुझ्या मते नाही, खाचेपर्यंत बांध आहे की नाही एवढं बघायचं. त्यातला एक दगड अजून जागेवर आहे म्हणतात, तो बघायला आम्हाला वेळ झाला नाही.

मला या गोष्टीचं एवढं का वाटतं ते सांगते. आमच्याकडे पूररेषा आहेत, निळी आणि लाल, कागदावर आहेत. निळी म्हणजे साधारण २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल म्हणजे १०० वर्षांत एकदा येणाऱ्या. या रेषा नकाशात असतात, नकाशा ऑफिसात असतो, आणि जमिनीवर मात्र त्याच रेषेच्या आत प्लॉट पडतात, नाल्यावर भराव येतो, तिथे सगळ्यात आधी घर घेतं ते ज्याला दुसरीकडे परवडत नाही तोच, आणि मग पाणी यायला लागलं की पहिल्यांदा त्याचीच भांडी बाहेर निघतात. नवीन आलेल्या भाडेकरूला कोण सांगणार की तू झोपतोस तिथे २०१९ ला छातीएवढं पाणी होतं? शेजाऱ्याने सांगितलं तर कळलं. आमच्या जिन्यावरच्या रेघा आमच्यापुरत्या. अशा रेघा चौकाचौकात, शाळेच्या भिंतीवर, महापालिकेच्या दारात पाहिजेत, दगडात कोरलेल्या, कोणाला रंग मारून पुसता येणार नाहीत अशा. याला डच लोकांएवढा पैसा लागत नाही. गवंडी आणि दगड लागतो.

बाकी त्यांचं सगळं आपल्याला जमेल असं मी म्हणत नाही. त्यांचं भांडण मुख्य समुद्राशी, आपलं पावसाशी, धरणाच्या विसर्गाशी, कृष्णा-वारणेच्या फुगवट्याशी. १९५३ नंतर त्यांनी डेल्टा वर्क्स नावाने खाडीच्या तोंडांवर बांध आणि प्रचंड दारं बांधली, रॉटरडॅमजवळचं शेवटचं मोठं दार १९९७ ला पूर्ण झालं, म्हणजे चव्वेचाळीस वर्षं एकाच कामाच्या मागे लागले, सरकारं किती बदलली असतील. पण नदीच्या बाबतीत त्यांनी जे केलं ते मात्र आपण वाचण्यासारखं आहे. १९९३ आणि १९९५ ला त्यांच्याकडे नद्यांना मोठे पूर आले, ९५ ला अडीच लाख माणसं हलवायला लागली, त्यानंतर त्यांनी बांध नुसते उंच करत बसण्याऐवजी तीसहून जास्त ठिकाणी नदीला जागा मोकळी करून दिली. नाइमेखन शहरापाशी तर बांधच साडेतीनशे मीटर मागे घेतला, मधली घरं हलवली, लोकांशी बोलून, भरपाई देऊन, आणि नदीला दुसरा प्रवाह काढून दिला. नदीला जागा द्यायची म्हणजे कोणाची तरी जागा जाणार, ते सोपं नाही, तिथेही लोक भांडले. पण झालं. आणि पाण्याचा कारभार बघायला त्यांच्याकडे वेगळी मंडळं आहेत, वॉटरस्खाप म्हणतात, १३ व्या शतकापासूनची परंपरा, त्यांची वेगळी निवडणूक होते, वेगळा कर असतो. बांधाचं काय झालं हे विचारायला हक्काचं दार आहे, हे मला फार मोठं वाटतं.

आईला हे सगळं मी स्टोपेराच्या बाहेर ॲमस्टेल नदीच्या काठावर बाकड्यावर बसून सांगत होते आणि ती भडंग खात होती. डबा भरून भडंग, शेंगदाण्याच्या पोळ्या आणि लिंबाचं लोणचं होतं सोबत. शाकाहारी माणसांनी एवढं लक्षात ठेवा, तिथल्या बऱ्याच जुन्या पद्धतीच्या चीजमध्ये रेनेट, म्हणजे दूध घट्ट करायला प्राण्याच्या पोटातून काढलेला पदार्थ, असतं आणि फ्राइजवरच्या मेयोनीजमध्ये अंडं, विचारून घ्या. दोन वेफर्समध्ये पाक घातलेलं स्ट्रूपवाफल मात्र गरम मिळालं तर जरूर घ्या. आईने चहाच्या कपावर ते झाकण ठेवावं तसं ठेवलं, वाफेने मऊ झाल्यावर खाल्लं, शेजारच्या टेबलवरच्या बाईने तसं करून दाखवलं होतं.

नंतर काठाकाठाने मागेरे ब्रुगपर्यंत चालत गेलो, पांढरा लाकडी उचलायचा पूल, आत्ताचा १९३४ चा. आमच्या नशिबाने एक उंच बोट आली, घंटा वाजली, दोन्ही बाजूंना दांडा पडला, सायकलवाले थांबले आणि पूल मधोमध उघडून दोन्ही बाजू वर गेल्या. आई मोठ्याने हसली. सायकलींचं मात्र जपा, लालसर रंगाचा पट्टा हा फुटपाथ नाही, सायकलचा रस्ता आहे, आणि त्या थांबत नाहीत. मी सगळा वेळ आईचा दंड धरून होते.

हेरेनग्राख्त नावाच्या कॅनालच्या कडेने थोडं चाललो. १७ व्या शतकात आखून खणलेले हे कॅनाल, २०१० पासून जागतिक वारसा यादीत, फोटोत बघतो तेच. सुंदर आहे, खरंच आहे, पण फोटोत पाण्याचा वास येत नाही आणि सकाळच्या उन्हात पाण्याची चमक घरांच्या खालच्या बाजूला हलते ती दिसत नाही. नंतर ट्रामने डॅम चौकात. तिथला राजवाडा मुळात नगरपालिका म्हणून बांधलेला, १६४८ ला सुरुवात, आणि त्याच्याखाली १३,६५९ खांब. तिथल्या शाळांमध्ये हा आकडा पाठ करायची युक्ती होती, वर्षाचे ३६५ दिवस घ्या, आधी १ लिहा आणि शेवटी ९. आईने रुमालाच्या गाठीसारखं ते मनात बांधून ठेवलं आणि टोरांटोत नातीला पहिल्या दिवशीच विचारलं.

रोकिन मेट्रो स्टेशन मात्र चुकवू नका, डॅमपासून पाच मिनिटांवर. ही लाईन २०१८ ला सुरू झाली, ती खणताना जुन्या ॲमस्टेलच्या गाळातून जवळजवळ ७ लाख वस्तू मिळाल्या, त्यातल्या हजारो सरकत्या जिन्यांच्या मधे काचेखाली मांडल्यात. जिना खाली जात राहतो आणि बाजूने चाव्या, नाणी, चमचे, मातीच्या चिलमी, तुटकी भांडी, मोबाईलसुद्धा सरकत राहतात. आम्ही खाली गेलो, वर आलो, परत खाली गेलो. आई म्हणाली, पूर उतरल्यावर चिखल काढताना असंच निघतं, फक्त आपण फेकून देतो. २०१९ ला आमच्या अंगणातल्या गाळात कोणाचा तरी पितळी अडकित्ता आला होता, तो तिने अजून धुऊन पुसून ठेवलाय, कोणी ओळखला तर द्यायला.

म्युझियम एकही केलं नाही. राइक्सम्युझियमला रेम्ब्रांटचं १६४२ चं मोठं चित्र आहे, ॲन फ्रँकचं घर आहे, पण त्याची तिकिटं ऑनलाईनच, कित्येक आठवडे आधी काढायला लागतात, आणि अशा ठिकाणी घड्याळ बघत फिरणं मला पटत नाही. तिथे वेगळ्याने, दिवस हातात ठेवून जायचं. आणि पुढच्या विमानाच्या अडीच-तीन तास आधी एअरपोर्टवर परत पाहिजेच, सिक्युरिटी आणि पासपोर्ट दोन्ही परत होतं. आम्ही दीडला स्किपोलला होतो, आई गेटवरच्या खुर्चीत पाय पसरून अर्धा तास झोपली.

येताना लेओव्हर लहान होता त्यामुळे बाहेर पडणं झालं नाही. पुढच्या वेळी क्रुकियसला जायचं ठरवलंय, हारलेमरमेर उपसणाऱ्या तीन पंपांपैकी एक तिथे म्युझियम करून ठेवलाय, त्यातलं वाफेचं इंजिन जगातल्या सगळ्यात मोठ्यांपैकी, सिलिंडरचाच व्यास साडेतीन मीटरच्या वर. आईने आत्ताच सांगून ठेवलंय की ते इंजिन बघायला ती येणार, तिकीट त्या हिशोबानेच काढ. सांगलीकडून कोणी त्या वाटेने जाणार असेल तर सांगा, स्टोपेराचा पॅसेज नेमका कुठून धरायचा ते मी नीट काढून देते, आणि जाण्याआधी तुमच्या घरातली २०१९ ची रेघ जमिनीपासून किती फुटावर आहे ते मोजून घेऊन जा.